भट्टीचं पाणी

भट्टीकाकांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून भिंतीतून येणाऱ्या जाड नळावर उजवा तळवा टेकवला आणि डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावून गप्प होतात, तसे ते काही क्षण गप्प झाले.

"आज नरम आहे भट्टी," ते म्हणाले. "तापायला उशीर केला."

मागे लेक तोंडात ब्रश धरून आपली पाळी येण्याची वाट बघत होती. ती आदल्या संध्याकाळी आली होती, कामासाठी म्हणून आणि राहायला म्हणून. तिनं आधी वडिलांच्या हाताकडे पाहिलं, मग नळाकडे, मग नळ जिथे छतात शिरत होता तिथे. मग ब्रश काढून तिनंही नळाला बोट लावलं. नळ कोमट होता.

तो थंड असायला हवा होता. कारखान्यापासून या वसाहतीपर्यंत येणारी गरम पाण्याची वाहिनी गेल्याच वर्षी कापली होती. नकाशात तिच्यावर लाल फुली तिनं स्वतः पाहिली होती.

"बाबा, हे पाणी भट्टीचं?"

"मग काय चंद्रावरून येतं?"

एवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं आणि आईची हाक आली, "अगं ए, तोंड धू आणि आधी इकडे ये!" हाकेत जरुरीपेक्षा एक पट्टी जास्त होती. लेकीनं ती बरोबर ऐकली. आईच्या हाका ऐकण्यात तिची उमेदवारी मोठी होती.

भट्टीकाका मात्र तिच्या आधीच स्वयंपाकघरात पोचले. त्यांनी चहाचं पातेलं चढवलं, पायानं स्टूल काकूंकडे, लेकीच्या आईकडे, सरकवलं, "बस," म्हणाले, चहा गाळला, आपला कप आणि वर्तमानपत्र उचललं आणि गॅलरीत जाऊन बसले. सगळं एवढ्या एका शब्दात. या माणसाला बोलण्याचा कंटाळा नव्हता. पण घरातलं बोलणं ते कारखान्यातल्या सुट्या भागांसारखं जपून वापरत.

त्यांना भट्टीकाका हे नाव वसाहतीनं दिलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसाचा हुद्दा जातो, दिवाणखान्यातला फोन जातो. टोपणनाव तेवढं पेन्शनीसारखं मागे राहतं.

काकूंनी गॅलरीचं दार लोटलं आणि हातातल्या सुरीनं वर दाखवलं.

"माळ्यावर. जुन्या पेटीच्या मागे. गिझर आहे."

"काय?"

"हळू. यांच्या मोतीबिंदूच्या वेळी बसवून घेतला. पाणी कापणार म्हणून नोटीस आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती यांच्या. मीच वाचली, मीच फाडली. प्लंबरला म्हटलं, जुन्याच नळाला जोड, बाहेरून काही दिसता कामा नये."

"आणि त्यांना कळलं नाही? आई, ते इंजिनिअर आहेत."

"म्हणूनच. घराबाहेरच्या नळ्या सगळ्या तोंडपाठ. घरातले पडदे बदललेले कधी कळले माहितेय? धुवायला काढले तेव्हा. म्हणाले, हे निळे कुठून आले?"

लेकीला हसू आलं. ते तिनं चहात बुडवलं.

काकूंनी आपली कार्यपद्धती सांगितली. त्यांच्याआधी उठायचं. फ्रिजमागचं बटण दाबायचं. गिझरचा काटा प्लंबरकडून मधल्या खुणेवरच ठेवून घेतलेला, कारण भट्टीचं पाणी कधी चटके बसण्याइतकं नसायचं. पाणी तापलं की एक बादली भरून घ्यायची, म्हणजे नळ गरम. मग हे येतात, हात लावतात, आणि यांचा दिवस सुरू होतो.

"आज उठायलाच उशीर झाला. गुडघा धरला होता. म्हणून नरम."

"आणि बंद करायला विसरलीस तर?"

"विसरते की, बऱ्याचदा. पण चांगल्या कंपनीचा आहे. बटण आपलं आपण बंद झालेलं असतं."

लेकीचं लक्ष बटणाकडे नव्हतं. आई स्टुलावरून उठताना ओट्याला कसा आधार घेते, ते ती बघत होती.

"दाखवलंस का डॉक्टरांना?"

"माझं राहू दे. भट्टी नरम असली की यांचं बघ कसं होतं. चहा काय करतात, भाजी काय चिरतात, नुसते पायात पायात येतात. चैन पडत नाही बिचाऱ्यांना." काकूंनी गॅलरीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "म्हणून तुला सांगते. तू काय ठरवणार आहेस, त्यातलं मला कळत नाही. पण भट्टी ठेव. सगळी नको, अर्धी ठेव. ती पाडलीत तर दुसऱ्या दिवशी मी कोणत्या तोंडानं नळ तापवू?"

ठरवायचं होतं ते असं. कारखाना मिथेनॉल करत असे. त्यासाठी आधी नैसर्गिक वायू तोडून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं मिश्रण करावं लागतं; त्याला सगळे सिनगॅस म्हणत. आता जुन्याच जागी कितीतरी मोठा नवा कारखाना उभा राहणार होता, आणि त्यात सिनगॅस कोणत्या पद्धतीनं करायचा, याची शिफारस लेकीनं सोमवारी समितीपुढे ठेवायची होती. वडिलांनी ज्या खुर्चीवर बसून समितीपुढे भट्टीची शिफारस केली होती, त्याच खुर्चीवर आता लेक बसणार होती. दैवाला विनोदबुद्धी नाही, असं कोण म्हणतं?

पद्धती तीन. पहिली वाफेची: वायू आणि वाफ नळ्यांतून सोडायची आणि नळ्यांना बाहेरून भट्टीत भाजून काढायचं. ही भट्टीकाकांची. दुसरी एकाच बंद भांड्याची: वायू, वाफ आणि ऑक्सिजन आत सोडायचे, थोडा वायू आतल्या आत जाळायचा आणि त्याच उष्णतेवर बाकीचा तोडायचा. नव्या कारखान्याच्या आकाराला हीच शोभत होती. लेकीची आकडेमोड कुठूनही सुरू केली तरी फिरून त्याच भांड्यापाशी येत होती. तिसरी जोडपद्धत: निम्मं काम जुन्या भट्टीनं करायचं, उरलेलं ऑक्सिजनच्या भांड्यानं. कागदावर हिला नाव ठेवायला जागा नव्हती. सिनगॅसमधल्या दोन वायूंचं प्रमाण तर हिच्यात सर्वांत सुबक येत असे. समितीतल्या कुणाच्याही भुवया वर गेल्या नसत्या.

लेकीनं भांड्याची आणि जोडपद्धतीची, अशा दोन शिफारशी तयार करून आणल्या होत्या. एक डोक्यानं केलेली. दुसरी कशानं केलेली, हे ती स्वतःलाही सांगत नव्हती.

"तू आज कारखान्यात जाणार ना?" भट्टीकाका गॅलरीतून म्हणाले. "मी येतो. म्हातारीला बघून येतो."

गाडीतून जाताना वसाहतीची घरं मागे सरकत होती. एकसारखी, दुमजली, बुटक्या कुंपणांची. लेक याच घरांत वाढली. इथल्या प्रत्येक न्हाणीघरात दिवसाचे सगळे प्रहर गरम पाणी असे, आणि त्याचं कुणाला अप्रूप नसे. हवेचं असतं का? भट्टीच्या धुराड्यातून वाया जाणारी ऊब पाण्याला द्यायची आणि ते पाणी घराघरात सोडायचं, ही कल्पना भट्टीकाकांची. त्यामुळे झालं असं, की भट्टी बंद पडली तर कारखान्याचा भोंगा वाजण्याआधी वसाहतीला कळे. कुणाचं तरी पोर डोक्याला साबण लावून किंचाळे. कुठल्यातरी खिडकीतून बाई ओरडे, "भट्टी गेली गं!" आणि मग खिडकीखिडकीतून ती ओरड पुढे जाई. भट्टीकाका एकदा निम्मी दाढी करून धावले होते. परत आले तेव्हा उरलेल्या निम्म्या गालावर फेस वाळून पांढरा झाला होता, आणि काकू दारात म्हणाल्या होत्या, "आता उजव्या बाजूनं या, म्हणजे ओळखीचे वाटाल."

पाणी परत गरम झालं की शेजारच्या मावशी गच्चीवरून सांगत, "तुझ्या बाबांनी पेटवली बरं का!" जणू त्यांनी स्वतः काडी ओढली. लहानपणी लेकीला तसंच वाटे. दुसऱ्यांचे बाबा ऑफिसात जातात. आपले बाबा पाणी गरम करतात.

भट्टी होती तशीच होती: चार मजल्यांची लोखंडी पेटी, अंगावर जिने आणि सज्जे, आणि पोटात सतत एक घुमणं. जिन्याच्या तोंडाशी पाळीचा भट्टीवाला पुढे आला. मिशा पिकलेल्या, पण भट्टीकाकांना पाहून त्यानं पोरासारखी टोपी काढली.

"काय म्हणतात सासूबाई?" भट्टीकाकांनी विचारलं.

"तशाच. लालबुंद. कोपऱ्यातून हलत नाहीत."

"आणि जावा?"

"सुतासारख्या सरळ. सासूबाई आहेत तोवर कोणाची बिशाद!"

लेकीला हे लहानपणापासून माहीत होतं. आतल्या नळ्यांच्या रांगांतली कोपऱ्यातली एक नळी इतरांपेक्षा नेहमी जास्त तापत असे. बर्नर फिरवले, ज्वाळा कमी केल्या, नळीच बदलली. नव्या नळीनंही चार दिवसांत जुन्या सासूचा रंग धरला. तेव्हापासून पाळीवर येणारा प्रत्येक जण आधी तिचं दर्शन घेई आणि मग बाकीच्यांकडे वळे. मोजमापाची यंत्रं आली, संगणकाचे पडदे आले, पण भोकातून डोळ्यानं बघण्याची रीत गेली नाही.

भट्टीकाकांनी खिशातून निळी काच काढली. घडीच्या रुमालात गुंडाळून त्यांनी ती घरून आणली होती. भोकावरचं झाकण सरकवून ते वाकले. त्यांच्या गालावर, कपाळावर केशरी उजेड पडला आणि चेहरा काही वर्षांनी मागे गेला.

"ये," ते म्हणाले. "एक डोळा मिट."

ती एवढीशी असताना त्यांनी तिला इथंच उचलून धरलं होतं, तेव्हाही हेच म्हणाले होते. तिनं विचारलं होतं, आत सूर्य ठेवलाय का? आणि ते म्हणाले होते, सूर्याला सुट्टी असते.

आता उचलून धरण्याचा प्रश्न नव्हता. तिनंच वाकून पाहिलं. काचेतून आतली आग शांत दिसत होती. वरून खालपर्यंत लोंबणाऱ्या नळ्या, रांगामागे रांगा, तापून मंद झळाळणाऱ्या. तिला एकाएकी वाटलं, की नव्या भांड्याला असं भोकच नसेल. जाड विटांच्या आत काय चाललंय ते कुणाला कधी दिसणार नाही. फक्त आकडे बाहेर येतील. हा काही त्या पद्धतीचा दोष म्हणून नोंदवता येत नव्हता.

"कशा आहेत?" भट्टीकाकांनी विचारलं.

"छान आहेत बाबा."

"छान नाहीत. थकल्यात. नीट बघ, मधल्या रांगेत दोघी वाकल्यात." त्यांनी काच पुसली आणि रुमालात गुंडाळली. "पण दिसतात छान, हे खरं."

फाटकाकडे परतताना नळांच्या लांबलचक चौकटीखालून रस्ता जात होता. पुढे, अगदी त्या रस्त्याच्या डोक्यावर, वसाहतीची वाहिनी कापून तिच्या तोंडावर लोखंडी झाकण ठोकलेलं होतं, आणि शेजारी पांढऱ्या रंगातली जुनी अक्षरंही होती: वसाहत, गरम पाणी. लेकीनं ते लांबूनच पाहिलं.

"बाबा, इकडून जाऊ या. सावली आहे."

"हा सरळ आहे."

ते सरळच गेले आणि बरोबर त्या झाकणाखाली थांबले. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला आणि मान वर केली.

"चिमणीनं घर केलंय बघ नळावर," ते म्हणाले. "पिल्लं पण आहेत वाटतं."

आणि चालू लागले. लेकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. चिमणी दिसली, झाकण दिसलं नाही. मोतीबिंदू काढला तरी नजर ती नजर, असा तिनं हिशेब मांडला. घाईत मांडलेले हिशेब जुळतात फार लवकर.

दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी भट्टीकाका बटाटे सोलायला बसले. भट्टी नरम होती ना! काकू पलीकडे स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर पसरून. तो दुसरा स्टूल तिथे कुणी आणून ठेवला, याची चर्चा झाली नाही.

"हं, सांग," भट्टीकाका म्हणाले. "काय ठरवलंस?"

लेकीनं आईकडे पाहिलं नाही. "जोडपद्धत. तुमची भट्टी राहते, बाबा. नळ्या नव्या घालायच्या, तिच्यामागे ऑक्सिजनचं भांडं बसवायचं. वायूंचं प्रमाण अगदी हवं तसं, दोनास एक, मिळतं. तुमच्या एकट्या भट्टीत हायड्रोजन जास्त होतो आणि जाळावा लागतो, तो प्रश्नच मिटला."

"सासूसून एका चुलीवर."

"चांगल्या नांदतात. जगात आहेत असे कारखाने."

"आहेत. मला माहीत आहे." त्यांनी बटाटा फिरवला. साल एकसंध, पातळ, लोंबत खाली आली. "नवा कारखाना जुन्याच्या किती पट?"

तिनं सांगितलं.

"आणि म्हातारी रुसली, बंद पडली, तर नवा कारखाना काय करणार?"

"थांबणार."

"वर्षातून किती वेळा रुसते हल्ली?"

हा आकडा लेकीकडे होता. त्यांच्याकडेही असणार.

"नव्या नळ्या घातल्या तर कमी होईल," ती म्हणाली.

"नळ्या नव्या. विटा? पंखे? ती चौकट? म्हाताऱ्या माणसाला नवे दात बसवले म्हणून त्याला शर्यतीत उतरवतात का?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "भट्टीशिवाय काय येतं तुझ्या आकडेमोडीत? नुसतं भांडं?"

"येतं."

"बरं येतं?"

"बरंच बरं येतं."

"मग हे कुणासाठी केलंस?"

काकू मध्ये पडल्या. "अहो, तिचं काम तिला कळतं. तुम्ही आता रिटायर्ड आहात. बटाटे सोला."

"सोलतोच आहे." पण त्यांनी सुरी उचलली नाही. "तुला वाटतं, मी त्या वेळी भट्टीसाठी समितीशी भांडलो?"

"सगळे तेच सांगतात. मी लहानपणापासून ऐकत आलेय."

"भांडलो. पण माझ्याशी. मला भट्टी नकोच होती. मला तेव्हासुद्धा ते भांडं हवं होतं. काय देखणी कल्पना, बघ: आतच जाळ, आतच काम, वर पसारा नाही. कितीतरी दिवस त्याचीच चित्रं काढत बसलो होतो. पण तेव्हा वीज लपंडाव खेळायची. ऑक्सिजन हवेतून वेगळा काढायचा तर वीज एक क्षण हलता कामा नये. म्हणजे भांडं रोज उपाशी. आकडे म्हणत होते, भट्टी. म्हणून भट्टी लिहिली. पहिलं वर्षभर तर मला तिचं तोंड बघवत नव्हतं. आवड मागाहून आली."

"हे भट्टीबद्दल चाललंय ना?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या वेळी समितीच नव्हती. आई एकटीच होती माझी."

"आणि आकडे काय म्हणत होते?"

"आकडे विचारायची कुणाची हिंमत!"

काकू हसल्या, पण हसणं पूर्ण व्हायच्या आत थांबल्या. लेक खाली बघत होती. तिला ती कारखान्याची गोष्ट आठवत होती, जी शाळेत तिनं किती मुलींना सांगितली होती: माझे बाबा सगळ्यांशी भांडले आणि त्यांनी ही भट्टी आणली. त्या गोष्टीतले बाबा उंच होते. हे टेबलाशी बसलेले तेवढे उंच नव्हते. ते बराच वेळ एका नको असलेल्या गोष्टीशेजारी उभे राहिले होते, आणि मग तिची सवय त्यांनी इतकी मनापासून लावून घेतली होती, की कुणाला शंकाही येऊ नये.

"आता वीज हलत नाही," भट्टीकाका म्हणाले. "आकडे जे म्हणतात ते लिही. पाडा म्हणावं."

"बाबा—"

"सासूबाईंची नळी तेवढी काढताना जपून काढा. तिच्यावर रागावलेले लोक पुष्कळ आहेत."

त्यांनी पुढचा बटाटा घेतला. या वेळी साल जाड निघाली, बटाट्याचा बराच भाग घेऊन. त्यांनी ती टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि पुढचा बटाटा त्यांनी घेतला नाही. उठून गॅलरीत गेले. काकूंनी ती साल उचलली, बोटानं तिची जाडी चाचपली आणि लेकीकडे सरकवली. पुरावा दाखवतात तशी.

संध्याकाळी दोघी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. भट्टीकाका फिरायला गेले होते.

"बोलून टाकलं त्यांनी मोठ्या मनानं," काकू म्हणाल्या. "त्यांचं काय, ते असे बोलतात. पण मला सांग, आता मी सकाळी काय तापवू?"

"पाडायला अजून दोन वर्षं लागतील, आई."

"आणि मग? मग एके दिवशी हात लावणार आणि नळ गार. मला ते तोंड बघायचं नाही. तू तिकडे असशील, भांड्याजवळ." त्यांनी नवऱ्याचा सदरा झटकला. आवश्यकतेहून जरा जास्तच. "नाहीतर गरम लागेल, आणि मग विचारतील, हे कुठून येतं? काय सांगू? खोटं एकदा तापवलं की रोज तापवावं लागतं बघ."

"खरं सांगून टाक."

"काय खरं सांगू? की वर्षभर तुम्ही गिझरच्या नळावर हात ठेवून भट्टीची तब्येत सांगताय, आणि मी मान डोलावतेय? त्यापेक्षा भट्टी पाडलेली बरी."

लेकीच्या शाखेत उष्णतेचे पुष्कळ प्रश्न शिकवतात. हा नव्हता शिकवला.

रविवारी तिनं एकच शिफारस ठेवली, भांड्याची; दुसरी पुसून टाकली. भट्टीकाका दिवसभर तिच्या खोलीकडे फिरकले नाहीत. फक्त एकदा दाराशी येऊन म्हणाले, "ऑक्सिजनच्या तोंडाशी विटा कसल्या वापरणार आहेत, तेवढं विचार त्यांना. तिथं फसतात लोक." तिनं लिहून घेतलं. त्यांनी लिहून घेताना पाहिलं आणि गेले.

सोमवारी तिला लवकर निघायचं होतं. ती उठली तेव्हा घर अजून झोपेत होतं. आईच्या खोलीत डोकावली तर काकू जाग्या होत्या, पण उठल्या नव्हत्या. उशीखालची दुसरी उशी काढून गुडघ्याखाली घेतली होती.

"सुजलाय," त्या कुजबुजल्या. "पाय टेकवत नाही. अगं, बटण. ते उठतील आता."

"मी दाबते. पडून राहा."

"बादली पण."

"हो गं, आई."

तिनं फ्रिजमागे हात घालून बटण दाबलं. मग स्टुलावर चढून, माळ्यावरची पेटी जरा बाजूला सारून गिझरकडे पाहिलं. दिवा लागला होता. काटा मधल्या खुणेवर होता. वेळ थोडा होता आणि तिला घाई होती. तिनं काटा फिरवून शेवटच्या खुणेवर नेला, म्हणजे लवकर होईल. मग न्हाणीघरात जाऊन ती बादली भरत थांबली. नळातून वाफ आली तेव्हा तिला समाधान वाटलं. लहानपणी गच्चीवरून मावशी ओरडत, ते आठवलं: पेटवली बरं का!

मागे चपलांचा आवाज आला. भट्टीकाका दारात उभे राहिले. नेहमीसारखा त्यांनी तळवा नळावर टेकवला, डोळे मिटले, आणि पुढच्याच क्षणी हात झटकून मागे घेतला.

"आज भट्टीवर नवीन माणूस आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"हात जड आहे. जुन्या माणसाचा हात असा नसतो."

त्यांनी तळव्यावर फुंकर घातली. मग आईच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"फार दुखतंय?"

तिनं मान हलवली. होकार द्यायला हवा होता की नाही, हे तिला हलवून झाल्यावर सुचलं.

ते स्वयंपाकघराकडे वळले. ती त्यांच्यामागून दारापर्यंत गेली. त्यांनी फळीवरून तेलाची बाटली काढली, वाटीत थोडं तेल ओतलं आणि बारीक आचेवर ठेवलं. दुसऱ्या शेगडीवर चहाचं पातेलं. पाणी मापताना ते शिंकले. शिंक हातात दाबली. मग दूध काढायला फ्रिज उघडला, पिशवी घेतली, आणि दार लोटता लोटता त्यांचा डावा हात फ्रिजच्या मागे गेला. बघितलं नाही, चाचपलं नाही. आपल्या घरातला माणूस अंधारात दिवा मालवतो तसा तो हात सरळ जागेवर गेला.

खट्.

"चहा तिघांचाच ना?" त्यांनी विचारलं.